घरात शिरलेला चोर दगावला तर

"चोर घरात घुसला होता, हाणला, त्यात आमचं काय चुकलं?" कोल्हापुरात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला हा प्रश्न नवा नाही. उत्तर 'काही चुकलं नाही' इथपासून 'जन्मठेप' इथपर्यंत कुठंही पडू शकतं. चोर आत कसा आला यावर ते थोडंफार ठरतं, पण खरी मेख शेवटचा फटका कधी आणि कुठं बसला यात असते. अशी प्रकरणं पहिल्या फोनपासून सेशन कोर्टाच्या निकालापर्यंत कशी जातात, कुठं अडतात आणि का अडतात, ते रोजच्या कामात जसं दिसतं तसं इथं मांडतो आहोत.

आधी हक्क किती आहे ते पाहू, कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा तो बराच मोठा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झाली. मजकूर जवळजवळ तोच आहे. कायद्याच्या मराठीत याला खाजगी संरक्षणाचा हक्क म्हणतात, गल्लीत 'सेल्फ डिफेन्स'. मालमत्तेसाठी माणसाचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी पोचतो, ते कलम ४१ मध्ये आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणं अथवा स्फोटकानं नुकसान करणं, आणि चौथं म्हणजे अशी चोरी, आगळीक (मालमत्तेचं मुद्दाम केलेलं नुकसान) किंवा गृह-अतिक्रमण, की आपण हात उचलला नाही तर कुणाचा जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी.

यातला 'घरफोडी' हा शब्द नीट समजून घ्या. दार सताड उघडं होतं आणि कुणी सरळ चालत आत आला, तर ते गृह-अतिक्रमण, घरफोडी नव्हे. कडी-कोयंडा उचकटला, कौलं काढली, भिंतीला भोक पाडलं, गच्चीवरून जिन्यात उतरला, फटीतून तार घालून आतली कडी वर केली, हरवलेल्या किल्लीनं कुलूप काढलं, दारातल्या माणसाला ढकलून आत शिरला, की ती घरफोडी. व्याख्या कलम ३३० मध्ये आहे. जुन्या पेठांतल्या आणि खेड्यांतल्या घरांना याच कलमातलं एक स्पष्टीकरण उपयोगी पडतं. घराला लागून असलेली खोली किंवा गोठा, आणि त्यातून घरात थेट आतलं दार असेल, तर तोही घराचाच भाग. सोप्यातून, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतून, गोठ्यात जायचं दार असेल तर गोठ्याचं कुलूप तोडणं म्हणजे घर फोडणं. परड्याच्या पलीकडं सुटा उभा असलेला, नुसती जनावरं बांधायचा गोठा असेल, तर मात्र वाद होतो.

मळ्यात गोष्ट आणखी बदलते. नदीकाठच्या मोटारीची केबल कापून नेणारा, रात्री ट्रॉलीत ऊस भरणारा, शेळी सोडून नेणारा: यांच्यावर घरफोडी बसतच नाही, कारण फोडायला घर नाही. तिथं मालमत्तेच्या नावावर जीव घेता येत नाही. कलम ४२ प्रमाणं मृत्यूपेक्षा कमी इजा करून त्याला अडवता येतं, माल परत घेता येतो. गूळ साठवलेल्या गुऱ्हाळघराची बात वेगळी; माल ठेवण्याची इमारत म्हणून ते घरफोडीच्या व्याख्येत येऊ शकतं.

दिवसा चोर आला तर? दिवसाची घरफोडी कलम ४१ मध्ये आपोआप येत नाही. मग चौथ्या खंडातली भीती सिद्ध करावी लागते: हातात काय होतं, काय बोलला, घरात कोण कोण होतं. वेळ सूर्यास्ताच्या आसपासची असेल तर दहा-वीस मिनिटांवरून उलटतपास रंगतो. आपल्याकडं जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. म्हणून फिर्यादीत 'संध्याकाळी' असं मोघम लिहून देऊ नये, घड्याळाची वेळ लिहावी. आणि चोराकडं चाकू, कटावणी, कोयता असेल, त्यानं घरातल्या बाईवर हात टाकला, पोराला धरलं, तर प्रश्न मालमत्तेचा राहतच नाही. तिथं शरीराच्या बचावाचं कलम ३८ लागू होतं, मग दिवस असो वा रात्र. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराचाही बचाव त्यात येतो. शेजारी धावून आला आणि त्यानं काठी घातली, तर त्यालाही तोच हक्क आहे.

इथवर ऐकून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण कलम ३७ या सगळ्यावर बसलेलं आहे: बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. रात्रीची घरफोडी असली तरी यातून सूट नाही. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं रिकाम्या हातानं माजघरात सापडलं, घरात तीन धडधाकट गडी आहेत, आणि त्याला कुऱ्हाडीनं तोडलं, तर 'रात्र होती' एवढं उत्तर पुरत नाही. त्याच कलमात आणखी एक अट आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता, तिथं हा हक्कच नाही. पण ही अट पायावर धोंडा पाडून घेण्यासाठी नाही. कायदा कुणालाही स्वतःच्या घरातून पळून जा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात तत्त्वांची यादीच दिली. हल्ल्याच्या क्षणी माणसानं किती जोर लावला हे सोन्याच्या तराजूत तोलायचं नाही, हे त्यातलं कोर्टात रोज वापरात येणारं सूत्र.

हक्काला जशी सुरुवात आहे तसा शेवटही आहे, आणि आमच्याकडं येणारी बहुतेक प्रकरणं तिथंच घसरतात. कलम ४३ प्रमाणं रात्रीच्या घरफोडीत हा हक्क घुसखोरी चालू आहे तोवर टिकतो. चोर बाहेर पडून पळत सुटला, की जीव घेण्याचा हक्क संपला. चोरीचा माल त्याच्याकडं असेल तर पाठलाग करून तो परत मिळवता येतो, पण तो मिळवण्यासाठी पाठीत कोयता घालता येत नाही. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या शेजारच्या साताऱ्याच्याच माणसानं, हे लख्ख सांगितलं आहे. जमिनीचा वाद होता. समोरचे लोक मागं फिरून पळू लागल्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. भीती संपल्यावरच्या त्या गोळ्यांना बचाव म्हणता येणार नाही, असं कोर्टानं ठरवलं.

हे सगळं शवविच्छेदनाच्या कागदावर उतरतं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, पीएम होतं तेव्हा डॉक्टर प्रत्येक जखमेची जागा, लांबी, रुंदी, खोली आणि दिशा लिहितात. कपाळावर, खांद्यावर, हाताच्या पुढच्या भागावर जखमा असतील तर झटापट समोरासमोर झाली असं म्हणायला जागा असते. डोक्याच्या मागच्या बाजूला एकाच ठिकाणी तीन-चार वार असतील, तर तो माणूस तेव्हा पालथा पडलेला होता असं सरकारी वकील मांडणार, आणि ते खोडणं जड जातं. मनगटांवर दोरीचे वळ असतील, तर बचावाची गाडी तिथंच रुतली म्हणायची.

ते दोरीचे वळ आपल्याकडच्या जुन्या सवयीतून येतात. चोर सापडला की खांबाला, नाहीतर पारावर बांधायचा, आणि गल्लीतल्या ज्याच्या त्याच्या हाताची खाज भागवायची. नागरिकालाही अटक करता येते, हे खरं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही धरू शकतो. मात्र त्याला विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मारायची परवानगी त्यात कुठंही नाही. बांधलेल्या माणसापासून कुणालाच धोका नसतो, म्हणून बांधल्यावरचा पहिला फटकाही गुन्हाच. पाचजण किंवा जास्त असले की बेकायदेशीर जमावाचं कलम लागतं. मग एक लाथ घालून घरी जाऊन झोपलेला माणूसही खुनाच्या आरोपात ओढला जातो. 'सगळ्यांनीच मारलं' हे वाक्य बचाव म्हणून सांगितलं जातं आणि सरकार पक्षाच्या हातात पुरावा म्हणून पडतं.

त्यात बांधलेला माणूस चोर होता की नाही, हेही त्या वेळी कुणाला पक्कं ठाऊक नसतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. ते घरफोडे नव्हते, काहीच नव्हते. भटक्या-विमुक्तांवरचा 'गुन्हेगार जमाती'चा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण रात्री अनोळखी माणूस दिसला की संशय कुणावर आधी जातो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. कायद्यातली 'वाजवी भीती' म्हणजे त्या क्षणी, त्या जागी, डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टींतून आलेली भीती. माणसाच्या जातीवरून किंवा पेहरावावरून आलेली भीती त्यात बसत नाही, बसूही नये.

गैरसमजाचं दुसरं रूप जास्त घरगुती आहे. कलम ३६ मध्ये एक उदाहरण दिलं आहे. घरात यायचा पूर्ण हक्क असलेला माणूस रात्री आत येतो, घरातला त्याला प्रामाणिकपणं चोर समजून हल्ला करतो. घरातल्यानं गुन्हा केला नाही. पण आलेल्या माणसालाही उलट बचावाचा तेवढाच हक्क आहे. पुण्याहून पहाटेच्या एसटीनं न कळवता आलेला धाकटा भाऊ परसदारानं शिरतो आणि थोरला काठी उचलतो, तेव्हा कायद्यानं दोघंही बरोबर असतात आणि एकाचं डोकं फुटलेलं असतं. म्हणून दिवा लावा, मोठ्यानं "कोण आहे रे?" म्हणून ओरडा. यात भित्रेपणा कसला? चोर असेल तर बहुधा पळतो, घरचा असेल तर ओ देतो, आणि पुढं कोर्टात शेजाऱ्याची "ओरडण्याचा आवाज ऐकला" ही साक्ष मिळते.

आणि कुंपणात करंट सोडणं. रानडुकरांसाठी म्हणून शेताला, आणि आता चोरांसाठी म्हणून खिडकीच्या गजांनाही तार जोडणारे लोक आहेत. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात एकानं संडासाच्या वाटेवर उघडी तार टाकून वीज सोडली होती, कारण परके लोक तो वापरायचे. शेजारची बाई चिकटून मेली. मालमत्तेच्या बचावाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला आणि निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम केली. तार माणूस ओळखत नाही, किती लागेल हे ठरवत नाही, आणि समोरचा थांबला म्हणून थांबत नाही. हा बचाव कुठल्याच कोर्टात टिकायचा नाही.

आता घटना घडून गेल्यानंतरचा पहिला तास. ११२ ला फोन करा आणि वाक्यं साधी ठेवा: "पत्ता अमुक. घरात घरफोडी झाली. आत शिरलेला माणूस जखमी होऊन पडला आहे. आमच्या घरातही जखमी आहेत. ॲम्ब्युलन्स पाठवा." १०८ ला वेगळा फोन केला तरी चालेल. चोराच्या उपचारासाठी केलेला फोन हा तुमच्या सद्हेतूचा पहिला लेखी पुरावा असतो, आणि चोर जगला तर खुनाऐवजी खुनाच्या प्रयत्नाचं किंवा दुखापतीचं कलम लागतं. ठाण्यात जाऊन "सायेब, चोर आल्ता, हाणलाय, पडलाय सोप्यात" असं उभ्याउभ्या बोलून मोकळं होणारे बरेच असतात. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीनंच दिलेल्या कबुलीवजा फिर्यादीलाही हेच लागू आहे, असं अघ्नू नागेसिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं आहे. तरी त्या बोलण्यातून तपासाला दिशा मिळते आणि ती नंतर बदलत नाही. तेव्हा घरफोडीची फिर्याद लगेच द्या, उशीर करू नका, आणि मारामारीचा तपशील वकिलाशी बोलून द्या. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. हे ३८ नागरिक सुरक्षा संहितेतलं, दोन्ही कायद्यांत गल्लत करू नका.

सोपा धुऊ नका. रक्त बघवत नाही म्हणून घरातल्या बायका पोलीस यायच्या आत बादलीभर पाणी ओततात, आणि चोर आत कुठवर आला होता, पडला कुठं, हे सांगणारे डाग मोरीतून निघून जातात. नंतर सरकारी वकील विचारतात, अंगणात मारून आत ओढून आणला नाही कशावरून? तुटलेला कोयंडा, वाकलेला गज, चोराची कटावणी, त्याच्या चपला आहे तिथंच राहू द्या. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकानं जागेवर यायचं, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे; पंचनाम्याचं आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण होतं. पंचांना ढकललेली कडी दाखवा आणि कोयंड्याचे स्क्रू कुठल्या बाजूला उपटले आहेत ते लिहायला सांगा. बाहेरून उचकटलं तर चौकटीवर बाहेरच्या अंगाला दाबाची खूण पडते. एवढी एक ओळ घरफोडी सिद्ध करायला पुरी पडते, आणि ती पंचनाम्यात नसेल तर वर्षभरानंतर कुणाच्या आठवणीतून येत नाही.

सीसीटीव्ही असेल तर डीव्हीआरवरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरची, वेळ आणि खरी वेळ यांतला फरक तेव्हाच टिपून ठेवा. बरेच डीव्हीआर काही मिनिटं पुढं-मागं असतात आणि काही दिवसांत जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं घेतात. पुरावा म्हणून देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह, लागतं. नुसती व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप चालत नाही.

स्वतःच्या जखमा त्याच रात्री सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या, नुसतं खरचटलं असलं तरी. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही, तर त्यांच्या कहाणीवर शंका घ्यायला जागा राहते, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार या १९७६ च्या निकालापासून चालत आलं आहे. चार दिवसांनी खरचटलेलं भरून येतं आणि मुद्दा हातचा जातो.

पोलीस काय करतात? बहुतेक वेळा दोन गुन्हे दाखल होतात: तुमच्या फिर्यादीवरून घरफोडीचा, आणि मयताच्या नातेवाइकांच्या किंवा सरकारतर्फे दिलेल्या फिर्यादीवरून कलम १०३, म्हणजे खुनाचा. "बचाव होता" हे तपासी अंमलदाराला पटलं तरी तो बहुधा "कोर्टात सांगा" म्हणतो. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही; मेलेल्या माणसाची बाजू सांगायला तिथं दुसरं कुणी नसतं. अटक झाली तर कारणं लेखी मिळाली पाहिजेत आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं पाहिजे. मग पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, त्यानंतर एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि कळंब्याचा तुरुंग. जामीन अर्ज कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात सेशन कोर्टापुढं चालतो. तिथं घरफोडीचा पंचनामा, आपल्या जखमांचे कागद आणि ११२ च्या कॉलची नोंद सोबत असेल तर युक्तिवाद पाच मिनिटांत समजतो. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्कानं मागता येतो.

हत्यारावरून एक सांगतो. हाताला लागलेली काठी, पाटा-वरवंट्यातला वरवंटा, दाराचा अडणा यांवरून कुणी पूर्वतयारी म्हणत नाही. ऊसतोडीचा कोयता शेतकऱ्याच्या घरात असणारच. भिंतीवरची तलवार उतरवली, की तिच्यासाठी शस्त्र कायद्याचं कलम पोलीस वेगळं जोडतात, आणि उशाखाली धार लावून ठेवलेलं पातं 'वाट बघत होता' या युक्तिवादाला खाद्य पुरवतं.

खटल्यात अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पण सरकारला लागतो तसा संशयातीत पुरावा त्याला द्यावा लागत नाही. 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे' एवढं दिसलं की पुरे, आणि तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातून दाखवता येतं. इथं एक जुनी खोड नडते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ च्या जबाबात (पूर्वीचं ३१३), म्हणजे कोर्ट पुराव्याबद्दल आरोपीला थेट विचारतं तेव्हा, आरोपी सवयीनं "खोटं आहे, मला माहीत नाही, मी तिथं नव्हतोच" म्हणतो. बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला तरी पुराव्यातून दिसला तर कोर्ट तो विचारात घेऊ शकतं, हे मुन्शी राम प्रकरणापासून ठरलेलं आहे. तरी 'मी नव्हतोच' आणि 'मी बचावासाठी मारलं' ही दोन घोडी एकाच टांग्याला जुंपता येत नाहीत. काय घडलं ते सरळ सांगावं.

बचाव पूर्ण मान्य झाला तर निर्दोष. हक्क होता पण मर्यादा ओलांडली, तेही सद्हेतूनं, पूर्वनियोजन नसताना आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादानं खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो. शिक्षा कलम १०५ प्रमाणं: मारण्याचा उद्देश होता असं दिसलं तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, नुसती जाणीव होती असं दिसलं तर दहा वर्षांपर्यंत. शेवटच्या एका-दोन फटक्यांचा हिशोब इथं होतो. बचाव अजिबातच मान्य झाला नाही तर १०३.

निर्दोष सुटल्यावर कागद रद्दीत घालू नयेत. सरकार अपील करू शकतं, आणि मयताचे वारसही पीडित म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली स्वतंत्र अपील करू शकतात. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं, त्यामुळं त्या अपिलासाठी आता कुणाला मुंबईला हेलपाटे घालावे लागत नाहीत. तुम्हालाही नाहीत आणि त्यांनाही नाहीत. दाखल्यांच्या प्रमाणित प्रती, डीव्हीआरची प्रत आणि प्रमाणपत्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.